पाड्यावरची शाळा : ग्राम बाल शिक्षा केंद्राची वाटचाल

शाळेचा इतिहास लिहिताना पायाभरणी, पहिला पट, पहिला निकाल, नवी इमारत अशा टप्प्यांनी पुढे जाण्याचा शिरस्ता आहे. ग्राम बाल शिक्षा केंद्राचा इतिहास या टप्प्यांत बसत नाही. १९४५ साली बोर्डीच्या समुद्रकाठी सुरू झालेली ही संस्था पुढे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावली. तिच्या कामाला वळणे मिळाली ती मुलांच्या घरांमुळे. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्या कामात तीन तऱ्हांचे पालक एकामागून एक आले. शिक्षणावरचे लेख वाचून शंका विचारणारे पालक पहिले. शाळेकडे लांबून, संशयाने बघणारे दुसरे. आणि मुलाला शाळेसाठी मोकळे करणे ज्यांना परवडतच नव्हते असे तिसरे. प्रत्येक वेळी शाळेने आपली एखादी जुनी अट सोडली आणि ती घराकडे सरकली. ही वाटचाल त्या सोडलेल्या अटींच्या क्रमानेच सांगितली पाहिजे.

पूर्वपीठिका : भावनगर आणि दादर

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, घर प्रार्थना समाजाच्या वळणाचे. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या आणि पुढे राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. ती नोकरी सोडून १९२३ साली त्या भावनगरला गेल्या. तेथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांचे बालमंदिर चालू होते. वकिली सोडून गिजुभाई मुलांत रमले होते आणि मॉंटेसरी पद्धतीला भारतीय रूप देण्याचा त्यांचा खटाटोप चालू होता. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षण पत्रिका’ आधी गुजरातीत निघाली, मग मराठीतही निघू लागली.

पत्रिकेचा रोख शिक्षकांइतकाच आईबापांवर होता. मुलाला मारू नये, बागुलबुवाची भीती घालू नये, खाऊचे आमिष दाखवून काम करून घेऊ नये, लिहिण्याची घाई करू नये, हे त्या काळी सुशिक्षित घरांनाही पटवून द्यावे लागत होते. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. तेथील मूल न्हाऊनमाखून, भांग पाडून, डबा घेऊन येई. घरी जेवणाची भ्रांत नव्हती आणि त्याच्यावाचून घरातले कोणतेही काम अडत नव्हते. अशा ठिकाणी पालकांशी सहकार्य म्हणजे मुख्यतः विचार पटवणे. शाळा आपल्या जागी, आपल्या वेळेला भरणार आणि पालक तिथे येणार, याबद्दल कोणाला शंका नव्हती.

रोममधला एक नियम

येथे या पद्धतीच्या मुळाशी जरा थांबले पाहिजे. डॉ. मारिया मॉंटेसरी यांचे पहिले ‘बालगृह’ १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो भागात उघडले. तो मजुरांचा गरीब मोहल्ला होता. आईबाप दिवसभर कामाला जात आणि मुले जिन्यांत, अंगणात मोकाट फिरत. हे बालगृह वेगळ्या वास्तूत नव्हते. मजूर कुटुंबे राहत त्याच चाळवजा इमारतीतल्या खोलीत ते भरे. बालगृह ही सगळ्या रहिवाशांची सामायिक मालमत्ता आहे असे मॉंटेसरीबाई सांगत. त्याचे नियम भिंतीवर लावलेले असत. आईने आठवड्यातून एकदा तरी शिक्षिकेला भेटून मुलाबद्दल बोलावे, हा त्यातला एक नियम. घर आणि शाळा यांच्या सहकार्याचा इतका स्पष्ट करार त्या काळात विरळाच.

पण त्याच नियमावलीत आणखी एक कलम होते. अंघोळ न केलेले किंवा मळक्या कपड्यांतले मूल बालगृहातून काढून टाकले जाईल. रोमच्या त्या इमारतीत पाण्याची सोय झालेली होती, तेव्हा ही अट पाळणे आईला शक्य होते. तोच नियम ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर लावला असता तर पहिल्याच दिवशी बालवाडी रिकामी झाली असती.

बोर्डी का?

मॉंटेसरी पद्धत चांगली असली तरी ती श्रीमंतांच्या मुलांपुरती राहते, हा आक्षेप जुना होता. १९३१ साली लंडनच्या मॉंटेसरी प्रशिक्षण वर्गात बोलताना गांधीजींनी हे शिक्षण गरिबांच्या मुलांपर्यंत पोहोचावे अशी अपेक्षा बोलून दाखवली होती. १९३७ नंतर त्यांचा नई तालीमचा, म्हणजे हातकामातून शिक्षणाचा, विचार पुढे आला आणि १९४५ पर्यंत त्यात शाळापूर्व वयाच्या मुलांचाही समावेश झाला. ताराबाईंच्या मनातही हीच टोचणी होती. लाकडी ठोकळे, रंगाच्या पट्ट्या, पितळी घंटा अशी महागडी साधने खेड्यात कोण घेणार, आणि ती नसतील तर या पद्धतीचे काय उरते?

उत्तर शोधण्यासाठी त्यांनी बोर्डी निवडली. आचार्य भिसे आणि चित्रे गुरुजी यांच्या कामामुळे हे गाव शिक्षणाच्या नकाशावर आधीच आले होते. गुजरातच्या सीमेवरचा हा मुलूख मराठी-गुजराती दोन्ही बोलणारा, आणि दोन्ही भाषा ताराबाईंच्या हातच्या. एकीकडे चिकूच्या वाड्या, दुसरीकडे आत डोंगराकडे पसरलेले वारल्यांचे पाडे.

काळ साधा नव्हता. त्याच वर्षी, १९४५ साली, उंबरगाव-डहाणू भागात किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासी वेठीविरुद्ध उभे राहिले होते. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यात काम करीत होते. जमीनदाराच्या घरी फुकट राबणे, कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या बांधले जाणे, गवतकापणीला मिळणारी नाममात्र मजुरी, या साऱ्याविरुद्धचा तो लढा होता. पायात वहाणा आणि हातात कागद घेऊन पाड्यात येणारा माणूस म्हणजे सावकाराचा, जंगलखात्याचा नाही तर पोलिसांचा, हा वारल्यांचा पिढीजात अनुभव होता. शिकवायला आलेल्या बाईकडे त्यांनी वेगळ्या नजरेने का पाहावे? बालवाडीकडे दिसलेल्या अविश्वासाची मुळे येथे आहेत. अडाणीपणा म्हणून त्याची बोळवण केली तर संस्थेच्या पुढच्या कामाचा अर्थच लागत नाही.

अनुताई वाघ याच सुमारास ताराबाईंबरोबर आल्या. १९१० साली पुणे जिल्ह्यातल्या मोरगावी जन्मलेल्या अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. शिक्षण घेऊन त्यांनी आधी नाशिकजवळच्या चांदोरीत आणि मग पुण्याच्या हुजूरपागेत शिकवले. नोकरी सांभाळून मॅट्रिक झाल्या. कस्तुरबांच्या स्मरणार्थ खेड्यांतल्या स्त्रिया आणि मुलांसाठी काम उभे राहत होते. त्यासाठी बोरिवलीला भरलेल्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. पुण्यातली पक्की नोकरी सोडून पस्तिशीतल्या अनुताई बोर्डीला गेल्या, त्या किनारपट्टीच्याच झाल्या.

सोडलेली पहिली अट : स्वच्छता

दादरच्या शाळेत मूल घरून स्वच्छ होऊन येई. बोर्डीच्या कडेच्या वस्त्यांत आणि पाड्यांत पाणी लांबून आणावे लागे. आई पहाटेच मजुरीला निघे आणि मुलाच्या अंगावर एखादी लंगोटी असली तर असे. अशा मुलाला ‘आधी अंघोळ करून ये’ म्हणणे म्हणजे ‘येऊ नकोस’ म्हणणेच होते.

म्हणून अंघोळ हाच बालवाडीचा पहिला तास ठरला. बालवाडीत आल्यावर मुलांचे हातपाय धुणे, न्हाऊ घालणे, केस विंचरणे, नखे काढणे, डोळे-कान पाहणे, खरजेला औषध लावणे ही कामे दिनक्रमात आली. जी गोष्ट इतरत्र प्रवेशाची अट होती ती येथे शिक्षणाचा भाग झाली. आपले मूल तेल लावून, भांग पाडून घरी परत येते हे आईला डोळ्यांनी दिसत होते. त्यासाठी तिला पत्रक वाचावे लागत नव्हते की सभेला यावे लागत नव्हते. उवा गेल्या, खरूज बरी झाली, एवढ्यावरून तिने बाईंबद्दल आपले मत बनवले.

सवर्ण घरांतून आलेल्या स्त्रीने दलित वा आदिवासी मुलाला मांडीवर घेऊन न्हाऊ घालणे, हे १९४५ सालच्या गावात साधे काम नव्हते. त्यातून वस्तीला जे कळले ते कोणत्याही भाषणातून कळले नसते.

सोडलेली दुसरी अट : जागा

तरी प्रश्न उरलाच. मध्यवर्ती बालवाडी गावात भरे. गावठाणातली मुले आली. वस्त्यांतली आणि पाड्यांतली मुले येईनात. बाई किंवा मदतनीस घरोघर फिरून मुले गोळा करून आणीत. पण रोज आणावी लागणारी मुले रोजच गळतात. अंतर पायांचे होते, तसेच मनाचेही होते. गावाच्या चांगल्या भागात आपण बसायचे, ही कल्पनाच मुलांना आणि आईबापांना अवघड वाटे.

यातून जो उपाय निघाला त्याचे नाव आज देशभर घराघरांत आहे. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी मुलांच्या अंगणात न्यायची. वस्तीतल्या एखाद्या घराच्या अंगणात, ओट्यावर, झाडाखाली, घरच्यांच्या सोयीच्या वेळी काही तास ती भरवायची. ताराबाईंनी तिला अंगणवाडी म्हटले. मध्यवर्ती बालवाडी आणि अंगणवाडी असे दोन प्रकार संस्थेत शेजारी शेजारी चालू लागले.

जागा बदलली तसे नातेही बदलले. शाळेच्या आवारात पालक पाहुणा असतो. अंगणात पाहुणी बाई. अंगण सारवून द्यायचे की नाही, पाणी भरून ठेवायचे की नाही, हे आता घर ठरवणार. आजी दारात बसून सगळे पाहते. भात कांडणारी आई मधूनच हसते, मधूनच मुलाला दटावते. गाणे म्हटले तर शेजारच्या घरातली मोठी माणसेही कान देतात. मुलाला मारू नये हे शिशुविहारच्या पालकाला लेखातून सांगावे लागले. येथे न मारता मूल कसे ऐकते हे आई रोज समोर पाहत होती. भिंतीआडचे शिक्षण उघड्यावर आले आणि शिक्षिकेचे काम वस्तीच्या नजरेखाली आले. ही परीक्षा सोपी नव्हती, पण तीत उत्तीर्ण झालेल्या बाईला वस्तीने आपली मानले.

कोसबाडची टेकडी

१९५६-५७ च्या सुमारास संस्था बोर्डीहून कोसबाडला आली. टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीचे शेतीशिक्षणाचे काम होते आणि भोवती सगळीकडे वारल्यांचे पाडे. साठी ओलांडलेल्या ताराबाई आणि त्यांच्याबरोबर अनुताई यांनी या वयात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बोर्डीत गाव तरी होते. येथे वस्ती विखुरलेली. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप दिलेली घरे, एका पाड्यात थोडकी, मग मधे ओढा, मग चढ, मग पुढचा पाडा.

येथे भेटलेल्या पालकांची अडचण अविश्वासाच्या पलीकडची होती. सहा-सात वर्षांचा मुलगा गुरे वळतो. त्याच वयाची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर घर सांभाळते, म्हणून आई मजुरीला जाऊ शकते. पावसाळ्यात भाताच्या आवणीला घरातले सगळे हात लागतात. पावसाळा सरला की गवतकापणी. त्यानंतर पोटापाण्यासाठी अनेक कुटुंबे गाव सोडतात, मुले बरोबर जातात आणि पाडे ओस पडतात. शाळेच्या हजेरीपटावर हे मूल ‘गैरहजर’ असते. घराच्या हिशेबात ते कामावर हजर असते.

संस्थेच्या विचाराला येथे सर्वांत मोलाचे वळण मिळाले. पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, हे सरकारी अहवालांचे आवडते निदान. कोसबाडने ते उलटे करून पाहिले. घराला मुलाच्या श्रमाची गरज आहे हे मान्य केले, तर शाळेने काय बदलायला हवे?

सोडलेली तिसरी अट : वेळ, वर्ग आणि फळा

या प्रश्नाचे पहिले उत्तर म्हणजे कुरणशाळा. गुराखी मुले शाळेत येत नाहीत, कारण गुरे सोडून ती येऊ शकत नाहीत. पण गुरे चरतात तेथे ती दिवसभर असतातच. तेव्हा शिक्षकानेच साहित्य बरोबर घेऊन कुरणात जायचे. गुरे चरायला लागली की मुले झाडाखाली जमत. गोष्ट, गाणे, खेळ, मग अक्षरे आणि अंक. गुरे कोणाच्या शेतात शिरणार नाहीत याचेही भान ठेवावे लागे, कारण गुरे भरकटली तर घरी मार बसणार आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकाचे नाव काढायला कोणी धजणार नाही. मुलाचे काम बिनचूक पार पडणे ही शाळेचीही जबाबदारी झाली.

कुरणात भूगोल, विज्ञान आणि गणित शोधावे लागत नाही. गवताच्या जाती, पक्ष्यांचे आवाज, वारुळे, ओढ्याचा उतार, ऊन आणि सावली, गुरांची मोजदाद, पानांची रचना हाच अभ्यासक्रम झाला. यातल्या पुष्कळ गोष्टी मुलांना शिक्षकापेक्षा जास्त माहीत होत्या. कोणते पान कोणत्या दुखण्यावर लावतात, हे मुलांनी सांगायचे आणि शिक्षकाने लिहून घ्यायचे. घरचे ज्ञान शाळेत मान्य झाले की घरालाही शाळेत मान मिळतो. निरक्षर बापाला मुलाच्या शिक्षणात काही देण्यासारखे आहे, हे कुरणशाळेने कृतीने दाखवले. हा अनुभव ताराबाईंनी लिहूनही ठेवला.

दिवसभर कामात असणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग झाले. म्हणजे एकाच पाड्यात सकाळी अंगणवाडी, दिवसा कुरणशाळा आणि रात्री कंदिलाच्या उजेडातला वर्ग अशी घराच्या दिवसाभोवती शाळेची मांडणी झाली.

विकासवाडी : भावंडांची शाळा

दुसरे उत्तर मुलींच्या प्रश्नातून निघाले. शाळेत येणारी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन येई. त्याला परत पाठवले की तीही परत जाई. वर्गात बसवले तर तान्हे रडे आणि वर्ग थांबे. बहुतेक शाळांनी यावर ‘भावंडांना आणू नये’ अशी सूचना दिली असती. कोसबाडने पाळणाघर काढले.

पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच छपराखाली, एकमेकांना जोडून चालवण्याच्या या योजनेला विकासवाडी हे नाव मिळाले. तान्हे पाळणाघरात, चार वर्षांचे बालवाडीत, मोठी बहीण पहिली-दुसरीत. मधल्या वेळेत तिने धाकट्याकडे जाऊन यायचे. शाळेतली थोरली मुले धाकट्यांना खेळवीत, न्हाऊ घालायला मदत करीत. हाही शिक्षणाचाच भाग होता, कारण काही वर्षांत त्यांच्यातल्याच मुली आया होणार होत्या. बालवाडीतले मूल शेजारच्या वर्गात भाऊ-बहीण पाहत मोठे होई. त्यामुळे पहिलीत जाताना त्याला परक्या जागी जावे लागत नसे आणि पहिलीतली गळती जेथून सुरू होते तो उंबरा सपाट झाला.

विकासवाडीने एका कुटुंबातल्या तीन मुलांना तीन वेगळ्या खात्यांच्या योजनांत वाटले नाही. घर त्यांना एकत्र पाहते म्हणून शाळेनेही एकत्र पाहिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षांचा पायाभूत स्तर अखंड मानला आणि बालवाडीची वर्षे पहिली-दुसरीशी जोडली. हे जोडकाम कोसबाडच्या टेकडीवर कित्येक दशके आधी होऊन गेले होते.

साधने : शंख, बिया आणि माती

महागड्या साधनांचा प्रश्न याच वाटेने सुटला. मॉंटेसरी पद्धतीचे मर्म ठोकळ्यात नसून हाताने, डोळ्याने, कानाने शिकण्यात आहे हे ताराबाईंना पक्के ठाऊक होते. समुद्रकाठचे शंखशिंपले, चिंचोके, करंजाच्या बिया, पाने, काटक्या, गारगोट्या, बांबूच्या कांड्या आणि माती यांतून लहान-मोठे, जड-हलके, खरबरीत-गुळगुळीत, रंग, आकार, संख्या हे सगळे शिकवता येते. ही साधने गोळा करायला मुले जात, मोठी माणसेही मदत करीत. बांबूचे काम जाणणारा माणूस पाड्यात असतोच. तांदळाच्या पिठाने भिंतीवर चित्रे काढणाऱ्या वारली स्त्रियांना रेषा आणि आकार यांचे शिक्षण बाहेरून आणण्याची गरज नव्हती.

खर्च वाचला हा फायदा दुय्यम. साधन घरातल्या वस्तूंचे असले की मूल तो खेळ घरी जाऊन भावंडांबरोबर पुन्हा मांडते. कपाटातल्या ठोकळ्यांबाबत हे होत नाही. भाषेचेही तेच. प्रमाण मराठीचा आग्रह पहिल्या दिवसापासून न धरता मुलाच्या बोलीतली गाणी आणि शब्द घेऊन सुरुवात केली, तर आई ते गाणे ओळखते आणि शाळेत काय चालते याचा तिला पत्ता लागतो.

बालसेविकांची फळी

हे सारे दोघीजणी किती पाड्यांत करणार? त्यासाठी ग्राम बाल अध्यापन मंदिर उभे राहिले. खेड्यापाड्यांतल्या बालवाड्या चालवणाऱ्या स्त्रियांचे प्रशिक्षण तेथे होऊ लागले. प्रशिक्षणात बालमानसशास्त्र होते, तसे अंघोळ घालणे, औषधपाणी, साधने तयार करणे, गाणी-गोष्टी आणि घरभेटी हेही होते. शहरातल्या प्रशिक्षणसंस्थांत पालकांशी संवाद हा शेवटचा विषय असतो. येथे त्याच्यापासून सुरुवात होती, कारण मूल हाती लागण्याआधी घर हाती लागावे लागे.

घरभेटीचे काही अलिखित संकेत कोणत्याही पाड्यात काम करणाऱ्या बालसेविकेला लवकर कळतात. मूल का आले नाही असे विचारत दारात उभे राहायचे नाही. आधी आजाऱ्याची चौकशी, भाताची चौकशी. चहा नको म्हणायचे नाही. मुलाची तक्रार त्याच्यादेखत करायची नाही. घर कामाच्या घाईत असेल तर हाताला हात लावायचा किंवा परत यायचे. अशा भेटींतून बाईला घराची जी माहिती होते ती कोणत्याही फॉर्मवर मावत नाही.

ताराबाईंनंतर

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतरची सुमारे वीस वर्षे कामाची धुरा अनुताईंकडे राहिली. शाळेत शिकवत, रात्री अभ्यास करत वयाच्या पन्नाशीनंतर पदवी मिळवलेल्या या बाईंना ‘आता माझे वय झाले’ म्हणणारी कोणतीही आई फसवू शकत नसे. बालशिक्षणाचे काम करता करता त्या स्त्रियांच्या प्रश्नांकडे वळल्या. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे, मुलींची लवकर लग्ने, बाळंतपणातली हेळसांड, हे सगळे बालवाडीच्या दारातूनच दिसत होते. ‘सावित्री’ हे स्त्रियांसाठीचे मासिक त्यांनी चालवले. १९८२ साली रमेश पानसे यांच्याबरोबर त्यांनी ग्राममंगल ही संस्था सुरू केली आणि डहाणू परिसरात आदिवासी मुलांच्या शिक्षणाचा एक नवा धागा विणला जाऊ लागला. १९८५ साली त्यांना पद्मश्री आणि जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात त्यांनी आपली वाटचाल सांगितली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

नाव गेले, पद्धत किती गेली?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शाळापूर्व शिक्षण आणि मातांसाठी पोषण व आरोग्य शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात आल्या. बोर्डीच्या वस्तीत सुचलेली गोष्ट देशभर पोहोचली, याचा अभिमान संस्थेला वाटणे स्वाभाविक आहे.

मात्र त्याबरोबर एक हिशेब मांडलाच पाहिजे. अंगणवाडीचे नाव गावोगाव गेले. कुरणशाळा गेली नाही. विकासवाडीतली भावंडांची सोय फार थोड्या ठिकाणी पोहोचली. अंगणवाडीसुद्धा पुष्कळ ठिकाणी अंगणातून उठून खोलीत गेली. वजनाची नोंद, आहाराचे वाटप, रजिस्टरे भरणे यांत सेविकेचा दिवस जातो आणि शिकवण्यासाठी थोडाच वेळ उरतो. याचा दोष सेविकांचा नाही. योजना मोठी झाली की मोजता येणारी कामे आधी येतात. घराशी जडणारे नाते मोजता येत नाही, म्हणून ते मागे पडते.

पालकांच्या सहभागाला कायद्याचे बळही मिळाले आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. गेल्या शतकातल्या पाड्यातल्या आईला हे ऐकून खोटे वाटले असते. पण बैठक मजुरीच्या वेळेला ठेवली, इतिवृत्त तिला न कळणाऱ्या भाषेत वाचले आणि सही करायची जागा बोटाने दाखवली, तर ती आई समितीत असूनही शाळेबाहेरच राहते.

पुढच्या कामासाठी

ऑगस्ट २०१४ पासून डहाणू आणि कोसबाड पालघर जिल्ह्यात मोडतात. पाड्यांपर्यंत रस्ते आले, शाळा आल्या, पालकांच्या हातात मोबाइल आले आणि शिक्षकांचे निरोप व्हॉट्सॲपवर जाऊ लागले. तरी पावसाळ्यानंतर कामासाठी घर सोडून जाणारी कुटुंबे आहेत, त्यांच्याबरोबर जाणारी मुले आहेत आणि धाकट्यासाठी घरी राहणारी बहीणही आहे. घराची अडचण काळाप्रमाणे रूप बदलते, संपत नाही. शहरातल्या शाळेतसुद्धा दोन पाळ्यांत काम करणारी आई किंवा रात्रपाळीचा बाप दुपारी दोनच्या पालकसभेला येऊ शकत नाही, आणि ‘पालक उदासीन आहेत’ असा शेरा तेवढ्यावर पडतो.

ग्राम बाल शिक्षा केंद्राच्या इतिहासातून आजच्या कोणत्याही प्राथमिक शाळेला घेता येईल अशी एक कामाची रीत आहे. गैरहजर मुलाच्या घरी जावे आणि त्या वेळी ते मूल कोणते काम करत आहे हे पाहावे. ते काम घराला का लागते हे समजून घ्यावे. मग आपली वेळ, जागा, साधने, प्रवेशाचे नियम यांतली कोणती गोष्ट बदलली म्हणजे ते काम आणि शिक्षण दोन्ही निभतील, हे शिक्षकांनी आपापसांत ठरवावे. पालकांना काय समजावून सांगायचे याचा विचार त्यानंतर करावा. ताराबाई आणि अनुताईंनी हाच क्रम पाळला, म्हणून ज्या पाड्यांत बाहेरच्या माणसाला कोणी दारात उभे करीत नव्हते तेथे त्यांच्या शाळेला अंगण मिळाले. संस्थेच्या पुढच्या योजना ठरवताना हाच क्रम डोळ्यांपुढे राहावा, यासाठी हा इतिहास नोंदवला आहे.